काँट्री किती वेळा काढणार?

गेटवरच्या कुत्र्याचं सलाईन असो की गोठ्यातली दुभती गाय, जनावर आजारी पडलं की घरातलं गणित कोलमडतं. विमा घ्यावा का, कुणी घ्यावा आणि दावा कुठे अडतो, ते बघू.

रात्रीचे पावणेबारा. हॉस्टेलच्या ग्रुपवर मेसेज पडला, "बिस्किट उलट्या करतोय. रक्त पडतंय." बिस्किट म्हणजे आमच्या गेटवरचं सात महिन्यांचं तपकिरी पिल्लू. मेसच्या चपात्या खाऊन वाढलेलं, कुणाच्याच नावावर नसलेलं आणि सगळ्यांचं असलेलं. सकाळी चौघांनी त्याला गोणपाटात गुंडाळलं आणि रिक्षानं सावेडीतल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पार्वो. चार दिवस सलाईन, इंजेक्शनं, दिवसातून दोन फेऱ्या. बिल झालं ७,४०० रुपये.

काँट्री काढली. कुणी वीस टाकले, कुणी दोनशे. बिस्किट वाचला. पण तिसऱ्या दिवशी जमलेले पैसे संपले, तेव्हा कुणीतरी ग्रुपवर विचारलं होतं, "आता थांबायचं का?" दहा मिनिटं त्या मेसेजला कुणीच उत्तर दिलं नाही. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.

त्याच रात्री एकानं गमतीत लिहिलं, "याचा इन्शुरन्स नसतो का रे?" सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले. पण तसा विमा असतो. आणि हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी, म्हणजे राहुरी, संगमनेर, राहाता, नेवासा, पारनेरला, गोठा आहे. त्या गोठ्यातल्या गायीचाही विमा असतो. घरी तो काढलाय का, हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही. तुम्हाला येईल?

बिल एवढं का होतं?

माणूस आजारी पडला तर सरकारी दवाखाना आहे, सरकारी आरोग्य योजना आहे, कुणाच्या वडिलांच्या नोकरीचा मेडिक्लेम आहे. कुत्र्या-मांजरासाठी असं काहीच नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं आणि तिथं कुत्र्यालाही तपासतात. पण गावोगावच्या या दवाखान्यांची रचना मुळात गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी झालेली आहे. रात्री अकराला पिल्लाला सलाईन लावायचं असेल तर पाय खासगी दवाखान्याकडेच वळतात.

तिथं तपासणी फी हा बिलाचा सगळ्यात लहान भाग असतो. खरा खर्च पुढे सुरू होतो. रक्ततपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी, भूल, ऑपरेशन, नंतरच्या ड्रेसिंगच्या फेऱ्या. अवघड केस असेल तर "पुण्याला न्या" असं सांगतात, म्हणजे गाडीभाडं आणि मुक्काम वेगळा. कुत्र्याची जात महागडी असेल तर तिचे आजारही ठरलेले असतात. लॅब्राडॉरच्या कमरेच्या सांध्याची दुखणी, पगचा श्वासाचा त्रास, बुलडॉगचं सिझेरियन. पिल्लू विकणारा यातलं काही सांगत नाही.

कुत्र्याचा विमा: काय मिळतं, काय नाही

जनावराच्या विम्याची सुरुवात हॉलमधल्या सोफ्यावर झालेली नाही, गोठ्यात झाली. स्वीडनमध्ये १८९० मध्ये घोडे आणि गुरांसाठी असा विमा निघाला, कुत्र्यांचा नंबर १९२४ मध्ये लागला. आपल्याकडेही क्रम तोच. गायी-म्हशींचा विमा सत्तरच्या दशकापासून आहे. पाळीव कुत्र्यांसाठी न्यू इंडियासारख्या सरकारी कंपन्यांच्या पॉलिसी होत्या, पण त्यांची चर्चा फारशी नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातल्या बजाज अलियान्झनं कुत्र्यांसाठी स्वतंत्र पॉलिसी आणली आणि नंतर इतर खासगी कंपन्याही या बाजारात उतरल्या. मांजरांसाठी पर्याय अजून मोजकेच आहेत.

या पॉलिसीत साधारण असं असतं: आजारपणात किंवा अपघातात ऑपरेशन आणि दवाखान्यात दाखल करण्याचा खर्च, कुत्र्याचा मृत्यू झाला तर ठरलेली रक्कम, चोरी किंवा हरवणं, आणि तुमचा कुत्रा दुसऱ्याला चावला तर त्या माणसाला द्यावी लागणारी भरपाई. हे सगळं एकाच हप्त्यात मिळत नाही. मूळ पॉलिसीवर एकेक भाग जोडत जावा लागतो आणि प्रत्येक भागाबरोबर हप्ता वाढतो. हप्ता ठरतो तो जात, वय, आकार आणि विम्याची रक्कम यांवर. वयाची अट पक्की असते. कुत्रा म्हातारा झाल्यावर "आता काढू विमा" असं म्हणून चालत नाही.

आता न मिळणाऱ्या गोष्टी. दरवर्षीच्या लसी, जंताचं औषध, गोचीड मारायची औषधं, नखं-केस, दात साफ करणं. म्हणजे कुत्रा पाळणाऱ्याचा जो खर्च दरवर्षी हमखास होतो, तो बहुतेक विम्याबाहेर असतो. पॉलिसी घेण्याआधीपासूनचे आजार बाहेर. पॉलिसी सुरू झाल्यावरचे पहिले काही दिवस आजारासाठी बाहेर. आणि लस घेतली असती तर टळला असता असा आजार, लस घेतलेली नसेल तर, तोही बाहेर.

ही शेवटची अट परत वाचा. पार्वोला लस आहे. बिस्किटला ती दिलेली नव्हती. म्हणजे समजा आमच्यापैकी कुणी त्याचं पालकत्व घेऊन विमा काढला असता, तरी त्या ७,४०० रुपयांतला एक रुपयाही परत मिळाला नसता. काही शे रुपयांच्या लसींनी जे काम झालं असतं, ते विमा करूच शकत नव्हता.

मग घ्यायचा का?

सरळ गणित मांडा. समजा वर्षाचा हप्ता ३,००० रुपये आणि विम्याची रक्कम ४०,००० आहे. आकडे मी फक्त उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या कुत्र्याचे खरे आकडे दोन-तीन कंपन्यांकडून मागवा. आता स्वतःला एकच प्रश्न विचारा. उद्या अचानक ४०,००० चं ऑपरेशन निघालं तर तुमच्या घरातून तेवढे पैसे कर्ज न काढता निघतील का?

निघत असतील, तर विम्याची घाई नाही. महिन्याला ५०० रुपये वेगळे काढा, वर्षाला ६,००० होतात आणि कुत्रा ठणठणीत राहिला तर ते तुमचेच राहतात. गावठी कुत्रा असेल, लसी वेळेवर असतील, नसबंदी झालेली असेल, तर बहुतेक घरांसाठी हाच मार्ग सोपा आहे.

पैसे निघत नसतील आणि घरात लॅब, जर्मन शेफर्डसारखा मोठा कुत्रा असेल, तर विमा लहान वयातच काढण्यात अर्थ आहे. अपार्टमेंटमध्ये राहत असाल, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांची लहान मुलं असतील, तर दुसऱ्याला इजा झाल्यावरच्या भरपाईचा भाग नक्की विचारून घ्या. औषधाचं बिल तुम्हाला अंदाजानं सांगता येतं. चावल्यानंतर समोरचा काय मागेल, ते आधी सांगता येत नाही.

थोडक्यात, विमा छोट्या खर्चासाठी घेऊच नये. जो खर्च झेपणारच नाही, त्याच्यासाठी तो असतो. हे सूत्र डोक्यात ठेवा आणि आता माझ्याबरोबर गोठ्यात चला, कारण तिथं हेच गणित एकदम उलट उत्तर देतं.

गाय मेली, तर फी कुठून?

कुत्रा गेला तर घर रडतं. दुभती गाय गेली तर घर रडतं आणि दुधाचा पगारही थांबतो. तुमच्यापैकी कितीजणांची कॉलेजची फी, रूमचं भाडं, बसचा पास त्या पगारातून जातो? आपल्या जिल्ह्यात दर दहा दिवसांनी डेअरीकडून येणाऱ्या पैशांवर किराण्यापासून डिप्लोमाच्या हप्त्यापर्यंत सगळं चालतं.

२०२२ आठवतंय ना? ४ ऑगस्टला जळगावच्या रावेर तालुक्यात चिनावलला त्या वर्षीच्या लम्पीच्या साथीची राज्यातली पहिली नोंद झाली आणि काही आठवड्यांत हा आजार आपल्यापर्यंत पोचला. गुरांचे बाजार बंद झाले. घोडेगाव, लोणी, काष्टी, जिथं एरवी पाय ठेवायला जागा नसते, ती मैदानं ओस पडली. त्या सप्टेंबरात राहुरी तालुक्यातल्या माझ्या मामाची दुसऱ्या वेताची एचएफ गाय गेली. दिवसाला सोळा-सतरा लिटर देणारी. वर्षापूर्वीच ८५,००० ला आणलेली, आणि त्यातले अर्धे डेअरीची उचल.

सरकारनं तेव्हा मदत जाहीर केली होती. लम्पीनं दगावलेल्या दुधाळ जनावरामागे ३०,०००, ओढकामाच्या जनावरामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये. मामाला ३०,००० मिळाले. ते पैसे उचल फेडण्यातच गेले. मामेभावानं त्या वर्षी इंजिनिअरिंगचा प्रवेश घेतला नाही, पुढच्या वर्षी घेतला. "एक वर्ष गॅप पडला," एवढंच तो सांगतो. गॅप कशामुळे, ते सांगत नाही.

सरकारी मदत साथीच्या किंवा आपत्तीच्या वेळी येते. गाय नेहमी साथीनंच मरते असं नाही. चाऱ्यातून तार पोटात जाते. विजेची तार अंगावर पडते. साप चावतो. वितानाच अडते. तेव्हा हातात काही असेल तर तो फक्त विमा.

३६० रुपयांचं गणित

राष्ट्रीय पशुधन अभियानात जनावरांच्या विम्याच्या हप्त्यावर अनुदान आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यात मोठा बदल केला. आधी पशुपालकाला हप्त्याचा २० ते ५० टक्के वाटा भरावा लागायचा. तो सरसकट १५ टक्के केला. उरलेली रक्कम केंद्र आणि राज्य ६०:४० प्रमाणात भरतात. एका कुटुंबाला दहा पशुघटकांपर्यंत लाभ घेता येतो. एक गाय किंवा म्हैस म्हणजे एक घटक, दहा शेळ्या किंवा मेंढ्या म्हणजे एक घटक. म्हणजे पारनेर-कर्जतकडच्या, शंभर मेंढरं असलेल्या घरालाही हे लागू होतं.

आता कॅल्क्युलेटर काढा. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारण भागासाठी एका वर्षाच्या हप्त्याची कमाल मर्यादा विमा रकमेच्या ३ टक्के आणि तीन वर्षांसाठी ७.५ टक्के होती. दर निविदेप्रमाणे बदलतात, म्हणून यंदाचा दर दवाखान्यात विचारा. पण अंदाजासाठी ३ टक्केच धरू. गायीची किंमत ८०,०००. हप्ता २,४००. त्यातला तुमचा वाटा १५ टक्के, म्हणजे ३६० रुपये. तुमच्या मोबाइलच्या एका रिचार्जइतके.

अनुदान मिळालं नाही आणि पूर्ण २,४०० भरावे लागले तरी? दुधाला लिटरमागे ३० रुपये धरले तर ते ८० लिटर दूध झालं. पंधरा लिटरच्या गायीचं सहा दिवसांचंही नाही. समोर पणाला काय आहे? ८०,००० ची गाय आणि तिच्यावर चालणारं घर. कुत्र्याच्या बाबतीत "बघू, विचार करू" म्हणणं ठीक होतं. इथं विचार करण्यासारखं फार काही उरत नाही.

एक गोष्ट मात्र स्वच्छ समजून घ्या. गायीचा विमा उपचाराचं बिल देत नाही. दगडी झाली, मिल्क फिव्हर आला, चार दिवस डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले, तो सगळा खर्च घरचाच. हा विमा मुख्यतः मृत्यूचा आहे. कायमचं निकामी होण्याचा भाग जादा हप्ता भरून जोडता येतो आणि त्यात साधारण विमा रकमेच्या ७५ टक्के मिळतात. उपचारासाठी सरकारी दवाखाना आणि १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. त्यावर फोन केला की फिरतं पशुवैद्यकीय पथक दारात येतं. हा नंबर आईच्या मोबाइलमध्ये सेव्ह आहे का, तेवढं बघा.

दावा अडतो कुठे?

"विमा काढला होता, पण पैसे काही मिळाले नाहीत." हे वाक्य तुम्ही पारावर ऐकलंच असेल. बऱ्याचदा दावा अडतो तो चार-पाच ठरलेल्या जागांवर, आणि त्या सगळ्या आधीच टाळता येतात.

पहिली जागा म्हणजे कान. गायीच्या कानातला तो पिवळा बिल्ला आणि त्यावरचा बारा अंकी नंबर हीच तिची ओळख. बिल्ला नाही तर दावा नाही, हा या धंद्यातला साधा नियम. झाडाला, गव्हाणीला घासून बिल्ला पडतो आणि "लावू नंतर" म्हणत राहून जातो. पडला की लगेच दवाखान्यात कळवायचं, नवा लावून घ्यायचा आणि नवा नंबर विमा कंपनीला लेखी द्यायचा. राज्यात जून २०२४ पासून सरकारी उपचारासाठी आणि खरेदी-विक्रीसाठीही बिल्ला बंधनकारक केलेला आहे.

दुसरी जागा किंमत. २०१४ च्या सूचनांप्रमाणे गायीची किंमत दिवसाच्या दुधामागे लिटरला किमान ३,००० रुपये आणि म्हशीची ४,००० रुपये, किंवा बाजारभावानं धरतात. पशुपालक, डॉक्टर आणि कंपनीचा माणूस मिळून ती ठरवतात. हप्ता वाचवायला किंमत कमी सांगितली, तर मिळणारी रक्कमही तेवढीच कमी. नुसत्या लिटरच्या हिशेबानं पंधरा लिटरची गाय ४५,००० वर येते, म्हणून बाजारभावाचा आग्रह धरा. अकोल्याकडच्या डांगी गायींच्या बाबतीत तर हे जास्तच महत्त्वाचं. ती जात पावसात टिकण्यासाठी आणि कामासाठी ओळखली जाते, तिची किंमत दुधाच्या लिटरवर मोजली तर हातात काय येणार?

तिसरी जागा वेळ. साधारणपणे पॉलिसीचे पहिले १५ दिवस आजारानं आलेल्या मृत्यूला धरत नाहीत. वयाचीही अट असते. दुभत्या गायीसाठी ती साधारण दहा वर्षांपर्यंत असते, म्हशीसाठी बारा. लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी दिल्याची नोंद हवी. इथंही बिस्किटचाच नियम.

चौथी जागा सगळ्यात नाजूक. गाय मेल्यावर घरात दुःख असतं, आणि उशीर नको म्हणून पुरायची घाई होते. पण शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरलं, तर दावा तिथंच संपला. आधी कंपनीला कळवा, डॉक्टरांना बोलवा, बिल्ला दिसेल असे फोटो काढा. त्याच सूचनांत दाव्यासाठी चारच कागद सांगितले होते. कंपनीला कळवल्याची नोंद, पॉलिसी, दाव्याचा अर्ज आणि शवविच्छेदनाचा अहवाल. कागद पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर केला तर वर्षाला १२ टक्के चक्रवाढ व्याज, असंही त्यात होतं. तुमच्या पॉलिसीत यातलं काय आहे, ते सही करायच्या आधी वाचा.

तरीही दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिथं दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे. त्याचं एक कार्यालय पुण्यात आहे, तक्रारीला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

हे काम तुमचंच

आता तुम्ही म्हणाल, गोठ्याचं काम आई-दादा बघतात, आम्ही शनिवार-रविवार घरी येतो. बरोबर. धार काढायला तुमची गरज नसेलही. पण पॉलिसीचा तो बारीक अक्षरातला, बहुतेक वेळा इंग्रजी कागद घरात कोण वाचणार? बिल्ल्याचा फोटो काढून कोण जपून ठेवणार? पॉलिसीची तारीख मोबाइलमध्ये कोण टाकणार? मामाकडे विमा नव्हता तो पैशांमुळे नव्हता. "कुणीतरी एकदा माहिती काढायला पाहिजे," असं सगळेच म्हणत होते. ते कुणीतरी आम्हीच होतो, आणि आम्ही मोबाइलवर रील्स बघत होतो.

या सुट्टीत घरी गेल्यावर

• प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा आणि पूर्ण जनावराचा फोटो काढा. एका फोल्डरमध्ये ठेवा.

• जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा: विम्याचं अनुदान सध्या सुरू आहे का, यंदाचा दर किती, कंपनी कोणती?

• गायीवर बँकेचं कर्ज असेल तर कर्जासोबत विमा काढला होता का आणि त्याची मुदत कधी संपते, ते बँकेत विचारा.

• लसींच्या तारखा लिहून ठेवा. गोठ्याच्याही, कुत्र्याच्याही.

• १९६२ घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा.

• कुत्र्यासाठी विमा घेणार असाल तर "काय मिळतं"च्या आधी "काय मिळत नाही" हे पान वाचा.

बिस्किट आता दीड वर्षाचा झालाय. लसी झाल्या, नसबंदी झाली. विमा नाही, पण ग्रुपमधले पंचवीस जण महिन्याला वीस-वीस रुपये एका खात्यात टाकतात. आता काँट्री आजार आल्यावर निघत नाही, आधीच निघते. आणि मामाच्या गोठ्यात दोन गायी आहेत, दोघींच्या कानात बिल्ला, दोघींची पॉलिसी. कागद मामेभावाकडे असतात. सेमिस्टर संपलं की घरी येऊन पहिल्यांदा तो गोठ्यात जातो आणि दोन्ही कान तपासतो.